मॅमथ गुहेतील खाणकाम व शोधकार्य

मॅमथ गुहा ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्यात, ग्रीन नदीच्या खोऱ्यात असलेली नैसर्गिक चुनखडी गुहा असून मोजणी झालेल्या मार्गांच्या लांबीनुसार ती जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा होय. आजवर तिच्या ४२० मैलांहून (सुमारे ६७६ किमी) अधिक मार्गांची मोजणी झाली असून हे काम अद्याप संपलेले नाही. या गुहेत दोन अगदी भिन्न काळांत खाणकाम झाले. पहिले प्रागैतिहासिक काळात, तेथील मूळ रहिवाशांनी जिप्सम व अन्य क्षारांसाठी केलेले. दुसरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या शोऱ्यासाठी गुलामांकडून करवून घेतलेले. गुहेच्या लौकिकात या खाणकामाचा उल्लेख बहुधा एखाददुसऱ्या वाक्यात उरकला जातो. वस्तुतः गुहेचे आरंभीचे मार्ग खाणीमुळेच वहिवाटीत आले आणि तिचा पहिला शास्त्रशुद्ध शोध घेणारेही गुलामगिरीतील वाटाडेच होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही खाणकामांचा व त्यांच्याशी जोडलेल्या शोधकार्याचा परिचय करून दिला आहे.

नाव व स्वरूप

'मॅमथ' या नावामुळे येथे त्या नावाच्या केसाळ, नामशेष हत्तीचे अवशेष सापडले असावेत असा समज होतो. तो बरोबर नाही. इंग्रजीत हा शब्द 'प्रचंड' या अर्थानेही वापरला जातो आणि गुहेतील दालनांच्या आकारावरून हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर गुहा म्हटले की अजिंठा-वेरूळ येतात. ती माणसाने कातळात कोरलेली लेणी होत. मॅमथ गुहा पाण्याने घडविलेली आहे. सह्याद्रीतील बेसाल्ट खडक पाण्यात सहजी विरघळत नाही, चुनखडी विरघळते. अशा प्रचंड लांबीच्या गुहा चुनखडीच्या प्रदेशात आढळतात त्याचे कारण हेच.

येथील चुनखडीचे थर तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचले. त्यांच्यावर पुढे वालुकाश्माचा थर बसला. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते व चुनखडीच्या भेगा रुंदावत जाते. ग्रीन नदीचे पात्र जसजसे खोल गेले तसतसे भूजलही खाली उतरले आणि गुहेचे जुने मार्ग वर कोरडे राहून खाली नवे मार्ग तयार होत गेले. त्यामुळे गुहा अनेक मजल्यांची झाली असून तिच्या सर्वांत खालच्या भागात आजही नद्या वाहतात. माथ्यावरचा वालुकाश्म छपरासारखे काम करतो. त्यातून पाणी फारसे उतरत नाही, म्हणून वरचे विस्तीर्ण मार्ग कोरडे राहिले. पर्यटकांना अपेक्षित असलेले लवणस्तंभ या भागात तुलनेने कमी दिसतात, ते याचमुळे. खाणकामाच्या दृष्टीने मात्र हाच कोरडेपणा निर्णायक ठरला. जिप्सम, मिराबिलाइट व शोरा हे क्षार वाहत्या पाण्यापुढे टिकत नाहीत. गुहेच्या आतील तापमान बाराही महिने सुमारे १२ ते १३ अंश सेल्सियस असते, त्यामुळे खाणकामगारांनी मागे ठेवलेले लाकूड, दोर व अन्नाचे अवशेषही टिकून राहिले.

प्रागैतिहासिक खाणकाम

सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून सुमारे २,००० वर्षांपूर्वीपर्यंत या प्रदेशातील लोक मॅमथ गुहेत व शेजारच्या सॉल्ट्स गुहेत नियमितपणे उतरत असत. प्रकाशासाठी ते नदीकाठी उगवणाऱ्या, वेळूच्या जातीच्या बारीक कांबींच्या जुड्या पेटवीत. या कांबींचे जळके तुकडे, काजळीचे ठिपके, वाळलेल्या भोपळ्यांची भांडी, विणलेली पादत्राणे आणि शिंपल्यांचे खरवडणे प्रवेशद्वारापासून कित्येक मैल आत सापडली आहेत. भिंतींवरील जिप्समचा पापुद्रा शिंपल्याने किंवा दगडाने खरवडून काढल्याच्या खुणा लांबच लांब पट्ट्यांत दिसतात. हात पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत भिंत उघडी पडलेली आणि त्यावर पापुद्रा तसाच, असे तिचे स्वरूप आहे.

काढलेल्या पदार्थांपैकी मिराबिलाइट हा सोडियम सल्फेटचा क्षार रेचक म्हणून उपयोगी असून चवीला खारट असतो, तेव्हा त्याचा उपयोग समजण्यासारखा आहे. जिप्समचे काय करीत असत याविषयी संशोधकांत एकमत नाही. रंगकामासाठी पांढरी पूड करीत असावेत असे काहींचे मत, तर या कामामागे धार्मिक हेतू असावा असे दुसऱ्यांचे.

या अवशेषांचा पद्धतशीर अभ्यास पुरातत्त्वज्ञ पॅटी जो वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून केला. त्यांनी गुहेत सुकून टिकलेल्या मानवी विष्ठेचे परीक्षण केले. विषय ऐकावयास किळसवाणा वाटला तरी त्यातून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. त्यात सूर्यफूल, भोपळावर्गीय फळे व चाकवताच्या कुळातील वनस्पती यांच्या बिया आढळल्या, आणि मक्याच्या आगमनापूर्वीच पूर्व उत्तर अमेरिकेतील लोक स्थानिक वनस्पतींची लागवड करीत होते या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला. खाण खोदणाऱ्यांच्या पोटात काय होते त्यावरून एका खंडाच्या शेतीचा इतिहास बदलला.

१९३५ मध्ये प्रवेशद्वारापासून दोन मैलांहून अधिक अंतरावर, एका उंच कडेवर, अनेक टन वजनाच्या शिळेखाली एका पुरुषाचा नैसर्गिकरीत्या सुकलेला मृतदेह सापडला. शिळेखालची माती उकरून क्षार काढीत असता शिळा सरकून तो दबला गेला होता. त्याच्या अंगावर विणलेले वस्त्र होते. वय सुमारे ४५ वर्षे व काळ दोन हजार वर्षांहून जुना असा अंदाज करण्यात आला. शोधणाऱ्यांनी त्याला 'लॉस्ट जॉन' असे नाव दिले आणि त्याचा देह काचेच्या पेटीत पर्यटकांसमोर मांडण्यात आला. १९७०च्या दशकात हे प्रदर्शन बंद करून देह गुहेतच ठेवण्यात आला. तो त्या कामकऱ्याच्या वंशजांचा मान राखण्याचा निर्णय होता व तो आधीच व्हावयास हवा होता.

सुमारे २,००० वर्षांपूर्वी लोकांनी गुहेच्या अंतर्भागात जाणे थांबविले. त्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आतील भाग निर्मनुष्यच राहिला, असे पुराव्यांवरून दिसते.

शोऱ्याची खाण

जखमी अस्वलाचा पाठलाग करताना हाउचिन नावाच्या शिकाऱ्याला गुहेचे तोंड सापडले, अशी लोककथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, कागदोपत्री गुहेची पहिली नोंद १७९८ सालची असून ती शिकारीची नाही, शोऱ्याची आहे. व्हॅलेंटाइन सायमन याच्या नावे झालेल्या २०० एकर जमिनीच्या नोंदीत तिच्यावर शोऱ्याच्या दोन गुहा असल्याचे लिहिले आहे. गुहेची किंमत प्रथमपासून तिच्या मातीत होती.

शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. काळ्या दारूत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याचा असतो. उरलेला भाग कोळसा व गंधक यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जगाच्या बाजारात येणाऱ्या शोऱ्याचा मोठा हिस्सा हिंदुस्थानातील बिहार प्रांतातून, पाटणा व कलकत्ता मार्गे, ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून जात असे. तेथे नोनिया समाजाचे लोक गावठाणातील खारी माती खरवडून, पाण्यात मुरवून, आटवून शोरा काढीत. १८०७ च्या व्यापारबंदीने व पुढे १८१२ मध्ये ब्रिटनशी सुरू झालेल्या युद्धाने अमेरिकेचा परदेशी शोऱ्याचा पुरवठा तुटला, भाव चढले आणि केंटकीतील गुहांच्या कोरड्या मातीला एकाएकी मोल आले. पाटण्याच्या खाऱ्या मातीची जागा काही वर्षांपुरती केंटकीच्या गुहेतील मातीने घेतली असे म्हणता येईल. शोरा काढण्याची रीतही मूलतः तीच होती.

या काळात गुहेची मालकी फ्लेमिंग गेटवुड, चार्ल्स विल्किन्स व फिलाडेल्फियाचा व्यापारी हायमन ग्रॅट्झ यांच्याकडे वेगवेगळ्या वेळी होती. विल्किन्स व ग्रॅट्झ यांनी खाणीचा मोठा विस्तार केला. तयार झालेला शोरा पूर्वेकडील दारूच्या कारखान्यांकडे रवाना होई.

कामाची पद्धत अशी होती. गुहेच्या आतील मार्गांत पसरलेली कोरडी माती खणून, मोठे दगड बाजूला रचून, बैलगाड्यांनी 'रोटंडा' व 'बूथ्स अ‍ॅम्फिथिएटर' या नावांनी आज ओळखल्या जाणाऱ्या दालनांत आणली जाई. तेथे लाकडी फळ्यांचे चौकोनी हौद बांधलेले होते. ट्यूलिप वृक्षाचे सरळ ओंडके आरपार पोखरून, त्यांची टोके एकमेकांत बसवून नळ केलेले होते. प्रवेशद्वाराशी पडणारे पाणी या नळांतून उतरून हौदांतील मातीवर येई. मातीतील कॅल्शियम नायट्रेट पाण्यात उतरे. हे खारे पाणी हौदाखालच्या पन्हळींतून गोळा करून पंपाने दुसऱ्या नळांद्वारे गुहेबाहेर चढविले जाई. बाहेर ते लाकडाच्या राखेतून गाळीत. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटशी संयोग होऊन चुन्याचा अंश खाली बसे व पोटॅशियम नायट्रेट पाण्यात राही. मग मोठ्या कढयांत पाणी आटवून, निववून स्फटिक काढले जात. राखेसाठी आणि भट्ट्यांसाठी अर्थातच भोवतालचे जंगल तोडावे लागे. खाण जमिनीखाली असली तरी तिचा भार वरच्या रानावरही पडत होता.

शोरा काढून घेतलेली माती काही वर्षे गुहेतच पडू दिली की ती पुन्हा शोरा धरते, असा त्या काळच्या कामकऱ्यांचा अनुभव होता. मातीत नायट्रेट कोठून येते, याविषयी पूर्वी वटवाघळांच्या विष्ठेकडे बोट दाखवीत. पुढे वरच्या जंगलातील मातीतून झिरपणाऱ्या भूजलाबरोबर नायट्रोजनयुक्त द्रव्ये येतात व जीवाणूंच्या क्रियेने नायट्रेट साचते, हा विचार पुढे आला. वटवाघळे कधीच न राहिलेल्या मार्गांतही शोरा सापडतो, ही या विचाराची जमेची बाजू.

खाणीत सुमारे ७० गुलाम राबत असल्याचे सांगितले जाते. मालकांची नावे, खरेदीखते व पत्रव्यवहार उपलब्ध आहे. या माणसांपैकी बहुतेकांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. तेलाच्या मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात, धुळीत व धुरात, फावडी आणि कुदळी घेऊन त्यांनी हजारो गाड्या माती हलविली. पुढे ज्या रुंद, सपाट वाटेने पर्यटक सहज चालत गेले ती वाट त्यांनी दगड वेचून, रचून मोकळी केलेली होती. बैलांच्या खुरांचे ठसे, गाडीच्या चाकांच्या चाकोऱ्या व बैलांना घातलेल्या मक्याची कणसे गुहेत दोनशे वर्षे टिकून आहेत. ते अवशेष म्हणजेच या कामकऱ्यांचा शिल्लक राहिलेला दप्तरखाना.

१८१४ च्या अखेरीस तह होऊन १८१५ मध्ये युद्ध संपले. स्वस्त परदेशी शोरा पुन्हा येऊ लागला, भाव कोसळले आणि मॅमथ गुहेची खाण बंद पडली. हौद, नळ व पंपाचे मनोरे जेथल्या तेथे सोडून देण्यात आले. १८१६ च्या सुमारास तेथे पर्यटकांना फिरविण्यास सुरुवात झाली. अमेरिकेतील सर्वांत जुन्या पर्यटनस्थळांत या गुहेची गणना होते, तिचा आरंभ अशा रीतीने बंद खाणीतून झाला.

वाटाडे आणि शोध

१८३८ मध्ये फ्रँकलिन गोरिन या वकिलाने गुहा विकत घेतली व स्टीफन बिशप या सुमारे १७ वर्षांच्या गुलाम तरुणाला वाटाड्या म्हणून कामास लावले. मॅट व निक ब्रॅन्सफर्ड हे दोघे गुलाम त्यांच्या मालकाकडून भाड्याने आणण्यात आले. खाणकामगारांनी वहिवाटलेल्या कोरड्या मार्गांच्या शेवटी 'बॉटमलेस पिट' नावाची सुमारे १०५ फूट खोल विहिरीसारखी दरी होती. तिच्यापलीकडे कोणी गेले नव्हते. बिशपने एका पर्यटकासह लाकडी शिडी आडवी टाकून तीवरून ती ओलांडली. यानंतर अल्पावधीतच गुहेच्या तळातील नद्या, त्यांतील डोळे नसलेले मासे आणि कित्येक मैलांचे नवे मार्ग त्याने उजेडात आणले. खाण जेथे थांबली होती तेथून शोधाला सुरुवात झाली.

१८३९ मध्ये लुइव्हिलचे डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली. खरेदीत बिशपही होता. १८४२ मध्ये क्रोगन यांच्या घरी राहून बिशपने गुहेचा नकाशा स्मरणाने काढला. अलेक्झांडर क्लार्क बुलिट यांच्या १८४५ मधील पुस्तकात तो छापला गेला व त्यावर बिशपचे नाव देण्यात आले. गुलामाच्या श्रमाला नावानिशी श्रेय मिळणे ही त्या काळी विरळा गोष्ट होती. नकाशातील अंतरे काटेकोर नाहीत, परंतु कोणता मार्ग कोणाला मिळतो हे त्यात पुष्कळ अंशी बरोबर दाखविले असून पुढील अनेक दशके तोच आधारभूत मानला गेला. याआधी १८३५ मध्ये एडमंड ली यांनी उपकरणांनी मोजून केलेला नकाशा सुमारे आठ मैलांचा होता. तो अचूक होता, पण दरीपलीकडचा भाग त्यात नाही.

क्षयरोगावर गुहेतील स्थिर हवेचा उपयोग होईल या कल्पनेने क्रोगन यांनी १८४२-४३ मध्ये आत दगडी व लाकडी खोल्या बांधून रुग्ण ठेवले. अन्न शिजविण्याचा व दिव्यांचा धूर कोंडला, रुग्णांची प्रकृती खालावली, काही दगावले आणि प्रयोग काही महिन्यांत सोडावा लागला. क्रोगन स्वतः १८४९ मध्ये क्षयानेच वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार सात वर्षांनी, १८५६ मध्ये, बिशप मुक्त झाला व पुढच्याच वर्षी निधन पावला. त्याच्या थडग्यावर १८८१ पर्यंत नाव नव्हते. एका श्रीमंत पर्यटकाने पाठविलेला दगड नंतर बसविण्यात आला आणि त्यावरील मृत्यूचे साल १८५९ असे चुकीचे कोरले गेले. ते आजही तसेच आहे.

ब्रॅन्सफर्ड घराण्याच्या अनेक पिढ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वाटाड्याचे काम केले. गुहेच्या छतांवर व भिंतींवर मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली त्यांची नावे व सनावळी आढळतात. सामान्य पर्यटकाने लिहिलेले नाव आज विद्रूपीकरण ठरते. या वाटाड्यांची नावे मात्र कोण, केव्हा, कोठपर्यंत पोहोचला होता हे सांगणारी विश्वसनीय साधने आहेत.

१९०८ मध्ये माक्स केम्पर हा जर्मन अभियंता व वाटाड्या एड बिशप (स्टीफनच्या कुटुंबातील) यांनी सुमारे ३५ मैलांचा अतिशय अचूक नकाशा तयार केला. मार्ग आपल्या जमिनीच्या हद्दीबाहेर जात असल्याचे उघड झाल्यास शेजारी स्वतःची प्रवेशद्वारे खोदतील या भीतीने मालकांनी तो प्रसिद्ध होऊ दिला नाही. भीती निराधार नव्हती. १९२० च्या दशकात जॉर्ज मॉरिसन याने मालकांच्या हद्दीबाहेर सुरुंगाने नवे प्रवेशद्वार उघडून त्याच गुहेची तिकिटे विकली. प्रवासी पळविणे, दिशादर्शक फलकांवरून फसविणे अशी चुरस सर्व परिसरात माजली. तिला 'गुहायुद्ध' असे म्हणतात.

या चुरशीचाच बळी फ्लॉइड कॉलिन्स. त्याने १९१७ मध्ये आपल्या कुटुंबाच्या जमिनीत क्रिस्टल गुहा शोधली होती, परंतु ती हमरस्त्यापासून दूर असल्याने पर्यटक येत नसत. रस्त्याजवळ नवे तोंड मिळावे म्हणून तो ३० जानेवारी १९२५ रोजी एकटाच सँड गुहेत उतरला. परतताना एका दगडाने त्याचा पाय अरुंद मार्गात अडकला. दगड जेमतेम २७ पौंडांचा होता, पण तेथे हात पोहोचत नव्हता. 'स्कीट्स' मिलर या तरुण पत्रकाराने अनेकदा आत सरपटत जाऊन त्याला अन्न दिले व मुलाखत घेतली. या वृत्तांकनासाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वर हजारो बघे जमले, खाद्यपदार्थांची दुकाने लागली. मार्ग ढासळल्यावर बाजूने उभी खाण खणण्यात आली. ती १६ फेब्रुवारीला कॉलिन्सपर्यंत पोहोचली तेव्हा तो मरण पावला होता. पुढे त्याचा देह क्रिस्टल गुहेत काचेखाली प्रदर्शनास ठेवला गेला, १९२९ मध्ये चोरीला जाऊन पायाविना परत मिळाला आणि अखेर १९८९ मध्ये त्याचे दफन झाले. एकट्याने गुहेत उतरू नये हा नियम आज प्रत्येक गुहासंशोधकाला प्रथम शिकविला जातो.

राष्ट्रीय उद्यान

१९२६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने उद्यानास मान्यता दिली व १ जुलै १९४१ रोजी मॅमथ गुहा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी शेकडो शेतकरी कुटुंबांना आपली घरे व शेते सोडावी लागली. उद्यानाच्या माहितीपत्रकांत हा भाग बराच काळ संक्षेपाने येत असे. १९८१ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला व १९९० मध्ये जैवावरण राखीव क्षेत्रात त्याचा समावेश झाला.

१९७२ ची जोडणी

मॅमथ गुहेच्या उत्तरेस फ्लिंट रिज नावाचे पठार असून त्याखाली क्रिस्टल, सॉल्ट्स, कोलॉसल, अननोन इत्यादी गुहा आहेत. १९५४ मधील एका आठवडाभराच्या मोहिमेनंतर १९५७ मध्ये केव्ह रिसर्च फाउंडेशन ही स्वयंसेवकांची संस्था स्थापन झाली व या गुहा एकमेकींना जोडलेल्या असल्याचे टप्प्याटप्प्याने सिद्ध झाले. मधली हूचिन्स दरी ओलांडून मॅमथ गुहेपर्यंतचा दुवा तेवढा मिळत नव्हता.

१९७२ च्या उन्हाळ्यात पॅट्रिशिया क्राउथर ही संशोधिका अत्यंत अरुंद अशा एका फटीतून पलीकडे गेली व पुढचा मार्ग खुला झाला. त्या मार्गात चिखलाने भरलेल्या भिंतीवर 'पीट एच' अशी अक्षरे व एक बाण आढळला. पीट हॅन्सन हा १९३०च्या दशकातील मॅमथ गुहेचा वाटाड्या होता, म्हणजे तो दुसऱ्या बाजूने तेथवर येऊन गेला होता. ९ सप्टेंबर १९७२ रोजी जॉन विलकॉक्स यांच्या नेतृत्वाखाली क्राउथर, रिचर्ड झॉफ, गॅरी एलर, स्टीफन वेल्स व उद्यानाचे रक्षक क्लीव्हलंड पिनिक्स असे सहा जण छातीभर गार पाण्यातून, डोके जेमतेम वर राहील एवढ्या जागेतून पुढे गेले. अंधारात त्यांना पर्यटकांसाठी लावलेला लोखंडी कठडा दिसला. त्या क्षणी दोन्ही गुहांची एकत्रित लांबी १४४.४ मैल ठरली. १९८३ मध्ये पूर्वेकडील रॉपेल गुहा जोडली गेल्यावर ती जवळजवळ ३०० मैलांवर गेली.

पॅट्रिशिया क्राउथर यांचे पती विल्यम यांनी कोलॉसल गुहेतील आपल्या मोजणीच्या आधारे पुढे संगणकावर शब्दांनी खेळावयाचा एक खेळ रचला. 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' हा तो खेळ या प्रकारातील सर्व साहसी खेळांचा आद्य पूर्वज मानला जातो.

शोधाची रीत

दिवे, पायऱ्या व कठडे नसलेल्या गुहेला किंवा गुहेच्या भागाला 'वाइल्ड केव्ह' म्हणजे रानगुहा असे म्हणतात. मॅमथ गुहेचा बहुतांश भाग असाच आहे. तेथे परवान्याशिवाय जाण्यास मनाई असून शोध आणि मोजणी एकत्रच झाली पाहिजे, अशी शिस्त स्वयंसेवक पाळतात. मोजणी न करता नुसते पुढे धावणे अप्रतिष्ठेचे समजले जाते. पथकात तीन-चार जण असतात: एकजण फीत धरून पुढे जातो, दुसरा होकायंत्र व उतारमापकावरील आकडे वाचतो, तिसरा ते टिपून मार्गाचे रेखाचित्र काढतो. प्रत्येकाजवळ शिरस्त्राण आणि किमान तीन स्वतंत्र दिवे असावेत असा संकेत आहे. एका फेरीत मोजून होणारे अंतर कित्येकदा काही शे फुटांपेक्षा जास्त भरत नाही.

सर्वसामान्यांना या अनुभवाची चुणूक मिळावी म्हणून उद्यानातर्फे मार्गदर्शकासह सुमारे सहा तासांची फेरी आयोजित केली जाते. तीत पोटावर सरपटणे व अरुंद फटींतून निसटणे भाग असल्याने छाती किंवा नितंबांचा घेर ४२ इंचांपेक्षा अधिक असलेल्यांना प्रवेश नाही. किमान वय १६ वर्षे आहे.

खाणीचे अवशेष व जतन

शोऱ्याचे हौद व पोखरलेले नळ रोटंडा दालनात प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर पाहता येतात. लाकडांत मुरलेल्या क्षारांमुळे व कोरड्या हवेमुळे ते कुजले नाहीत. मात्र कोरडेपणा टिकला तरच ते टिकतील. पूर्वी प्रवेशद्वारातील हवेचा प्रवाह मानवी बांधकामांनी बदलला होता. तो पूर्ववत करण्याकडे उद्यानाने पुढे लक्ष दिले, कारण त्याचा संबंध लाकडी अवशेषांइतकाच हिवाळ्यात येथे झोपणाऱ्या वटवाघळांशीही आहे. वटवाघळांना मारक ठरणाऱ्या 'श्वेतनासिका' बुरशीचा प्रादुर्भाव येथे २०१३ मध्ये आढळला. तेव्हापासून गुहेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला जंतुनाशक द्रावणाने भिजविलेल्या चटयांवरून चालावे लागते. केंटकी गुहाझिंगा हा डोळे नसलेला, जवळजवळ पारदर्शक जीव तळातील प्रवाहांत राहतो व तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. आसपासच्या गावांचे सांडपाणी चुनखडीतील भेगांवाटे भूजलात शिरून थेट या प्रवाहांना मिळू शकते. जेम्स क्विनलन यांनी पाण्यात रंगद्रव्ये सोडून हे मार्ग शोधून काढले.

पुरातत्त्वीय साधनसंपत्ती संरक्षण कायदा (१९७९) व संघराज्य गुहासंपत्ती संरक्षण कायदा (१९८८) यांनुसार येथील वस्तू हलविणे, मोडणे वा नेणे हा गुन्हा आहे. वेळूच्या कांबीचा जळका तुकडा, मक्याचे वाळलेले कणीस किंवा चाकोरीच्या कडेचा मातीचा ढेकूळ यांनाही हे संरक्षण लागू आहे. आतील मार्गांत मोजणी करणारी पथके अशी वस्तू दिसल्यास ती न हलविता तिचे स्थान नकाशावर नोंदवितात व पुढे एकाच आखलेल्या रेषेवरून पाऊल टाकतात.